कुणी मिंधं होऊ नये

कोल्हापूर

चि. सुशांत यास,


तालमीच्या शिक्षण निधीचा चिटणीस म्हणून तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. गणपतीची शिल्लक वर्गणी साउंडवर न उडवता पोरांच्या फीसाठी ठेवायचा ठराव केलात, छान झालं. मात्र वर्गणी गोळा करणं सोपं असतं, ती नीट वाटणं अवघड. वाटताना कुणी कुणाचं मिंधं होणार नाही, एवढं बघ.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. दसरा चौकातून येता-जाता यातल्या काही इमारती तू रोज बघतोस. महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्नाची सोय लावली आणि कारभार त्या त्या समाजातल्या माणसांच्या हाती सोपवला. 1922 साली महाराज गेले, 1949 साली संस्थान विलीन झालं, तरी बोर्डिंगं बंद पडली नाहीत.

म्हणून मुद्दलाला हात लावू नकोस. रक्कम बँकेत कायम ठेवीत टाका, मदत व्याजातून करा. नाहीतर दर जूनला एखाद्या पुढाऱ्याच्या दारात उभं राहावं लागेल, आणि मग यादीही तोच ठरवेल. धर्मादाय कार्यालयात नोंदणी करून घ्या, 31 मार्चला हिशेब बंद करून ऑडिट वेळेत उरका. जमाखर्चाचा कागद तालमीच्या फळ्यावर लावा, म्हणजे कट्ट्यावर कुजबुज होणार नाही.

फी जूनमध्ये भरायची असते. तुम्ही गणपतीच्या स्टेजवर चेक वाटणार असाल, तर तोवर बापानं हातउसने घेऊन किंवा आईच्या कानातलं गहाण ठेवून काम भागवलेलं असतं. रक्कम परस्पर कॉलेजच्या खात्यात भरा. आणि स्टेज तर नकोच. एका समारंभात मी पाहिलं, पुठ्ठ्याचा तीन फुटी चेक एका पोरीच्या हातात दिला. फोटोवाला म्हणाला, "जरा वर धर." पोरीनं तो इतका वर धरला की तिचं तोंडच झाकलं गेलं. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

अर्ज एका पानाचा ठेव. रेशनकार्ड आणि गुणपत्रक पुरे, दाखल्यांसाठी कुणाची रोजंदारी बुडवू नका. अर्ज करायलाही लाजणारी घरं पेठेत आहेत. शाळेतल्या बाईंना विचार, त्यांना ती नेमकी ठाऊक असतात.

परतफेडीचं लिहून घेऊ नका. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढं बोर्डिंगातली पोरं जगवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. भाऊरावांकडून कुणी बाँड लिहून घेतला नव्हता. तुमच्या निधीतून शिकलेला एखादा पोरगा पाच-सात वर्षांनी पावतीपुस्तक मागायला आला, तर त्याला पहिल्या बैठकीतच कमिटीवर घ्या. आणि तेव्हा तुझी खुर्ची त्याला द्यायची तयारी ठेव.

ठेवीच्या पावत्यांवर तिघांच्या सह्या असू देत, एकट्याची नको. तुझीसुद्धा नको.

तुझा,
काका