आधी टायर, मग स्टिअरिंग

गाडी घेतलीस, कुरकुंभच्या फिरंगाईला नारळ वाढवलास, बरं केलंस. सेकंडहँड आहे म्हणून कमीपणा मानू नकोस. पण आठवड्याच्या आत मला सांगतेस, मामा, स्टिअरिंग हातात बसत नाही, ऐंशीच्या पुढे गाडी तरंगते. वर कंपनीतल्या कुणीतरी कानात भरवलंय की रुंद टायर नि अलॉय टाक, मग कशी रस्त्याला चिकटून पळते बघ. थांब जरा. पैसे पाकिटातच राहू देत.

छोट्या गाडीचं काम जमिनीकडून वर करत यायचं. आधी हवा, मग टायर, मग खालचे बुश नि जॉइंट, मग अलाइनमेंट, आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंग. लोक नेमकं उलटं करतात. सुरुवात स्टिअरिंगच्या जाड कव्हरने होते, आणि हात चाकांपर्यंत पोचायच्या आत बजेट संपतं. ते कव्हर तेवढं आजच काढून टाक. जाड फोमच्या कव्हरमधून रस्ता हाताला कळतच नाही, शिवाय वळणावर ते सरकतं.

हवा सकाळी भरायची, गाडी थंड असताना. किती भरायची ते पंपावरच्या पोराला विचारायचं नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक पट्टी चिकटवलेली दिसेल, तिच्यावर पुढचा आणि मागचा आकडा दिलेला असतो. काही गाड्यांत भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. तू एकटी कंपनीत जातेस तेव्हा एक, आणि आई-बाबा, आत्या, पोरं कोंबून सिद्धटेकला निघालात की दुसरा. हवेचं तापमान पाच-सहा अंश चढलं की टायरमधला दाब साधारण एका पीएसआयने चढतो. म्हणजे मे महिन्यात दुपारी, दौंडहून तापत आलेल्या गाडीची हवा कुरकुंभच्या चौकात तपासलीस तर आकडा फुगलेलाच दिसणार. तो बघून कुणी हवा सोडली की दुसऱ्या दिवशी पहाटेच्या शिफ्टला गाडी बसकी. एक छोटा गेज घे आणि डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेव. पंपावरच्या मीटरवर माझा फारसा विश्वास नाही.

हवा कमी असली की टायरची भिंत वळणावर दबते. मग तू स्टिअरिंग फिरवतेस आणि गाडी अंमळ उशिरा ऐकते. तुझं ते तरंगणं अर्धं इथेच असेल. जास्त भरली की स्टिअरिंग हलकं नि चलाख वाटतं, म्हणून काही जण मुद्दाम चार पीएसआय जादा मारतात. पण मग टायर रस्त्याला कमी टेकतो, खडबडीत पट्ट्यावर गाडी उड्या मारते आणि ब्रेक लांब जातो. पुढच्या दोन टायरमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते, आणि लोक त्यावर अलाइनमेंटचे पैसे घालवतात.

आता टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं. पहिल्या पावसात रोटी घाटाच्या वळणावर कडक टायर काय करतो, ते अनुभवून बघायची गरज नाही. नक्षीच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्याशी समपातळीत आली की टायर कायद्यानेही संपला. मी तर पाऊस सुरू व्हायच्या आधीच बदलेन.

आणि हे हाताने करून बघ. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवत गाडी उभी कर, मग इंजिन बंद, हँडब्रेक वर. पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरव, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. तारा बाहेर आल्यात का ते आधी डोळ्यांनी बघ, नाहीतर हात कापेल. एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची धार बोचली, तर टो बिघडलाय, म्हणजे दोन्ही चाकं सरळ न धावता किंचित आत किंवा बाहेर तोंड करून घासत चाललीत. एकच कड भुंडी झाली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बघावा लागेल. मधला पट्टा झिजलाय तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्यात तर हवा कमी. अलाइनमेंटचं मशीन जे कागदावर छापून देतं त्यातलं निम्मं तळहात आधीच सांगून जातो.

रुंद टायरचं म्हणशील तर थोडं गणित कर. तुझ्या आल्टोला १४५/८० आर १२ आहेत. १४५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, भिंत तिच्या ८० टक्के म्हणजे ११६, आणि रिम बारा इंचांची. सगळं मिळून चाकाचा व्यास ५३७ मिलिमीटरच्या आसपास येतो. १५५/६५ आर १३ घेतलास तर ५३२, म्हणजे जवळजवळ तेवढाच. भिंत बुटकी झाल्यामुळे स्टिअरिंग थोडं नेमकं होईल, पण खड्डा कमरेला कळेल. याहून मोठं काही बसवलं की चाक मडगार्डच्या आत घासतं, स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि छोट्या इंजिनाला ओढायला जड जातं. आणि बाहेर आलेली अलॉय दिसतात छान, पण चाक जेवढं बाहेर तेवढा प्रत्येक खड्ड्याचा झटका स्टिअरिंगला. चाक बाहेर काढायला रिममागे घालतात त्या स्पेसरचं तर नावही काढू नकोस. माझं मत विचारशील तर त्याच मापाचे, चांगल्या कंपनीचे, ताज्या तारखेचे चार टायर घे. चार जमत नसतील तर दोन, आणि नवे दोन मागे. पुढे नकोत. हे ऐकून गावातले निम्मे ड्रायव्हर माझ्याशी वाद घालतात. पण पावसात पुढचं चाक सरकलं तर कळतं आणि सावरता येतं. मागचं सरकलं की गाडी फिरते, आणि तुझ्या हातात काही राहत नाही.

टायरने गाडीचा स्वभाव किती बदलतो याचा धडा आपल्या पुण्यातल्याच माणसांनी घालून दिलाय. टाटांची नॅनो आठवते ना, मार्च २००९ मध्ये आली ती? इंजिन मागे, वजन मागे. म्हणून पुढे १३५ चे बारीक टायर आणि मागे १५५ चे रुंद. मागची बाजू वळणावर बाहेर पडू नये यासाठी तो बंदोबस्त होता. त्या गाडीचे टायर मागेपुढे बदलायचे नसतात. तरी बदलणारे मी बघितलेत, आणि मग ‘नॅनोच बेकार’ म्हणणारेही तेच.

आता गाडीखाली जायचं. पिटवर किंवा लिफ्टवर घे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नकोस. पुढचं चाक उचललं की ते घड्याळात तीन आणि नऊ वाजतात तिथे दोन्ही हातांनी धरून हलवायचं. टुकटुक आली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड गेलाय. बारा आणि सहावर धरून हलवल्यावर आली तर बॉल जॉइंट नाहीतर चाकाचं बेअरिंग. स्टिअरिंग रॅकच्या दोन्ही टोकांना रबराचे बूट असतात, ते फाटलेत का बघ. आपल्याकडे ऊस सुरू झाला की रस्त्यावर काळी माती नि पाचट पडतं. फाटक्या बुटातून ती माती आत गेली की रॅक खराब होतो, आणि रॅक हे खर्चिक दुखणं आहे. बूट त्यामानाने चिल्लर.

लोअर आर्मचे बुश नीट बघ. ब्रेक मारला की गाडी किंचित वाकडी होते आणि सोडला की सरळ, तर दोष बहुतेक तिथेच. बदलताना एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांग, कारण घाईत सगळेच विसरतात. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाकं लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग ते लवकर फाटतं, आणि तोवरही गाडी ताठ चालते. मिस्त्री म्हणेल, काही होत नाही ताई. तू तिथेच उभी राहा.

स्टिअरिंग वळवून सोडलं आणि ते आपणहून मध्ये येत नाही, अडकत अडकत येतं, तर बॉनेट उघडून स्ट्रटचं वरचं माउंटिंग बघायचं. एकाला गाडीत बसवून स्टिअरिंग हळू फिरवायला सांग आणि वरच्या टोपीवर बोटं ठेव. आतलं बेअरिंग गेलं असेल तर स्प्रिंग पिळत जातो आणि मग एकदम ‘टुंग’ करून सुटतो. बोटांना साफ कळतं. स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा जॉइंट गंजून घट्ट झाला असला तरी स्टिअरिंग असंच टप्प्याटप्प्याने फिरतं, म्हणून तोही बघून घ्यायचा. शॉकअप तेलकट दिसला तर गेला. बदलायचा तर जोडीने, डावा-उजवा दोन्ही. स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे घालून गाडी उंच नि कडक करून देतात, ते नको. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट. आधी केलीस तर सैल जॉइंटवर केलेली अलाइनमेंट पहिल्याच स्पीडब्रेकरला गेली म्हणून समज. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घे. तुझ्या गाडीत मुख्यतः पुढच्या चाकांचा टो तेवढा जुळवता येतो. कॅस्टरचे, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाच्या मागेपुढे कलाचे आकडे दोन बाजूंना फार वेगळे आले तर काहीतरी वाकलंय, आणि मशीनवाला ते नटबोल्ट फिरवून सरळ करू शकत नाही. स्टिअरिंग वाकडं राहिलं तर काही जण ते काढून एक दात सरकवून परत बसवतात. तसं करू देऊ नकोस. दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून ते मध्ये आणायचं असतं. एवढं करूनही गाडी डावीकडे किंचित जात असेल तर आधी रस्त्याचा उतार बघ, आपल्याकडे पाणी जायला रस्ता डावीकडे उतरता असतो. मोकळ्या सपाट जागेत ओढत नसेल तर गाडी ठीक आहे. तिथेही ओढत असेल तर पुढचे दोन टायर अदलाबदल करून बघ. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली, तर दहा मिनिटं चालवून चाकांजवळ हात ने. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय.

आता स्टिअरिंग. तुझ्या गाडीत विजेच्या मोटरवरचं पॉवर स्टिअरिंग आहे. ते हलकंच राहणार, आणि त्यातून रस्ता जुन्या गाडीसारखा हाताला कळणार नाही, हे मान्य करून टाक. शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला फियाटच्या कारखान्यात २००९ पासून लिनिया नि पुंटो बनायच्या. त्यांचं स्टिअरिंग तेलाच्या दाबाचं, जरा जड, पण खालचा खडान्‌खडा तळहाताला सांगणारं. ती चालवलेला माणूस आजही दुसरी गाडी चालवताना कुरकुरतो. तुझ्या गाडीतून तसलं काही निघणार नाही, मग वायरिंगशी कशाला खेळायचं? बॅटरी मात्र चांगली ठेव, ती मरगळली की स्टिअरिंग मध्येच जड होतं. आणि उभ्या गाडीत चाकं मुरडू नकोस. गाडी जराशी हलू दे, मग वळव. मोटर, टायर आणि जॉइंट तिघांचाही भार वाचतो.

बाकीचं तुझ्या बसण्यात आहे. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात लांब केलास तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. तू फार मागे बसतेस. मागे बसलं की माणूस स्टिअरिंगला लोंबकळतो.

दौंड-कुरकुंभ रस्ता साधारण उत्तर-दक्षिण, आणि आषाढातला वारा पश्चिमेचा. म्हणजे तुला रोज आडवा वारा. हलकी उंच गाडी त्यात सरकतेच, तो दोष नाही. एमआयडीसीच्या टँकरला ओव्हरटेक करताना त्याच्या आडोशाला वारा थांबतो, आणि केबिनच्या पुढे निघालीस की एकदम अंगावर येतो. तो येणार हे धरून चाल, वेग दहाने कमी ठेव, आणि स्टिअरिंग दाबून धरू नकोस. दाबून धरणारा जास्त नागमोडी चालवतो. उसाच्या जोड ट्रॉलीच्या मागे अंधारात लांब राहा, तिला दिवे नाहीत असंच समज. सांडलेल्या उसावर आणि पाचटावर ब्रेक मारायचा नाही.

रोटी घाटात ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरताना हात सावकाश, पाय ॲक्सिलरेटरवर हलकासा स्थिर. पुढचं तोंड बाहेर जायला लागलं तर स्टिअरिंग आणखी पिळू नकोस, पाय हळूच सैल कर, चाक पुन्हा पकडेल.

टायर बदलायचे असतील तर ते आधी, आणि अलाइनमेंट शनिवारी न करता मधल्या वारी करून घे. शनिवारी गर्दीत तुझा नंबर गडबडीत उरकतील. जाताना डिकीतली बाबांची खताची पोती काढून ठेव.