नाबोथाचे वतन आणि कागदावरचे शब्द

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१९

हा शास्त्रभाग शब्बाथशाळेत बहुधा लोभाचे उदाहरण म्हणून शिकविला जातो. अहाब राजाला भाजीपाल्यासाठी नाबोथाचा मळा हवा होता, नाबोथाने तो दिला नाही, म्हणून ईजबेलने त्याला मारविले. हे खरेच आहे. पण अध्याय सावकाश वाचला म्हणजे ध्यानात येते की, नाबोथावर पहिला धोंडा पडण्यापूर्वी त्याच्या शब्दांवर घाला पडला होता.

तिसरे वचन पाहा. नाबोथ नकार देतो तो परमेश्वराचे नाव घेऊन, आणि जमिनीला तो वाडवडिलांचे वतन म्हणतो. चौथ्या वचनात राजा घरी येऊन रुसून पडतो, तेव्हा वतन हा शब्द त्याच्या मनात आहे, परंतु परमेश्वराचे नाव गळाले आहे. सहाव्या वचनात तो राणीला हकिकत सांगतो तेव्हा वतनही गेले; नाबोथाच्या तोंडी उरला तो नुसता द्राक्षमळा. लेवीय २५:२३ प्रमाणे इस्राएलात जमीन कायमची विकता येत नसे, कारण ती देवाची होती. मळा मात्र सौद्याची वस्तू, आणि दाम मिळत असताना नाही म्हणणारा माणूस हटवादी. नाबोथाने नकार दिला ही गोष्ट खरीच होती. तिच्यातले दोन शब्द काढले आणि राणीला जे करायचे होते त्याला वाट मोकळी झाली.

पुढे सारे रीतसर होते. राजाची मोहर, उपवासाचा जाहीरनामा, नियमशास्त्राप्रमाणे दोन साक्षीदार. देवाची व राजाची निंदा हा आरोप. पंधराव्या वचनात राणी निरोप देते तोही पाहण्यासारखा आहे. जासुदांनी तिला कळविले होते की नाबोथाला धोंडमार झाली. ती राजाला एवढेच सांगते की तो आता जिवंत नाही. मारणारे हात वाक्यातून नाहीसे झाले.

आम्हा आदिलाबादकरांना हा अध्याय दूरदेशीचा वाटत नाही. येथील गोंड पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरांत शेती करीत आले. निजामाच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सरकारने जंगलाच्या हद्दी आखल्या आणि हद्दीत सापडलेल्या शेतांना राखीव जंगल हे नाव पडले. त्या दिवशी शेतात काहीच बदलले नव्हते. तीच ज्वारी, तेच बांधावरचे मोहाचे झाड. पण कालचा शेतकरी आज अतिक्रमण करणारा झाला. दुसऱ्या कित्येक जमिनी 'शिवाय जमाबंदी' या सदरात पडल्या, म्हणजे सारा घ्यायचा, पट्टा द्यायचा नाही. दरबारी कागद उर्दूत. घरी गोंडी आणि बाजारात मराठी किंवा तेलुगू बोलणाऱ्याने त्यावर अंगठा उठवायचा. (यात उर्दूचा काही दोष नाही. ती गोड भाषा आहे.) आपण कोण हे सांगायला सरकारी भाषेत त्या माणसापाशी एकच शब्द होता, आणि तो गुन्हेगाराचा होता. असे नाव वर्षानुवर्षे कानी पडले की माणूस आपल्याच शेतात चोरासारखा वावरू लागतो. जमिनीच्या नुकसानीहून हे नुकसान आम्हांस मोठे वाटते, कारण आपले काही गेले आहे असे म्हणण्याचीही मग सोय राहत नाही.

कोमराम भीमाने ते नाव मानले नाही. १९४० साली जोडेघाट येथे तो पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची गाऱ्हाणी समजून घेण्यासाठी हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांना पाठविले. त्यांच्या खटपटीने मारलवाईला गोंड शिक्षकांची शाळा निघाली. तेथली वाचनपुस्तके गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत होती. या भागात मराठीचा परिचय होता म्हणून. आपली लिपी अशा कामी आली याचा मराठी मंडळ्यांनी आनंद मानावा.

तरी जमिनीचा प्रश्न सुटला नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा. लोक सांगतात तो पुष्कळ मोठा. आपण मात्र सहज बोलून जातो, "इंद्रवेल्लीला गोळीबार झाला." पाऊस झाला म्हणावे तसे. ईजबेलचे वाक्यही याच घडणीचे होते. राखीव जंगलांच्या त्या जुन्या व्यवहारात ऐतिहासिक अन्याय झाला हे शब्द कायद्यात यायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

मंडळीच्या सभेतही हेच घडते. हिशेब विचारणाऱ्याला 'फूट पाडणारा' म्हटले की हिशेब द्यावा लागत नाही. पंचांनी आधीच ठरविलेल्या गोष्टीला 'देवाची इच्छा' म्हटले की तिच्यावर बोलणे पाप ठरते. इज्रेलातही उपवास पुकारला होता, हे विसरू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात तिसरे, चौथे व सहावे वचन फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि कोणते शब्द गळाले ते मुलांनाच शोधू द्या. मोठ्या मुलांकडून चौदावे व पंधरावे वचनही तसेच तपासून घ्या. मग एकोणिसाव्या वचनाकडे या. एलीया अहाबाला त्याच मळ्यात गाठतो आणि देवाचा निरोप सांगतो तो प्रश्नाच्या रूपाने. त्या प्रश्नात दोनच क्रियापदे आहेत, एक खुनाचे आणि एक ताबा घेण्याचे. ती मुलांनी अधोरेखित करावीत. या वेळी एखादे मूल हटकून विचारील की, गावचे वडीलजन तर नाबोथाला ओळखत होते, मग त्यांच्यापैकी एकही का बोलला नाही? अध्यायात याचे उत्तर नाही. घाईने देऊ नका. प्रश्न घरी नेऊ द्या, आणि आईबापांना काय वाटते ते पुढच्या रविवारी ऐका.