पोस्टाच्या तिकिटाएवढी खोली

पोरी, बाहुलीघराचं किट मागवायचं म्हणतेस, तर आधी जरा बैस. माझी नोकरीची वर्षं टूलरूममध्ये गेली आणि निवृत्तीनंतरची ही इवलाली घरं जुळवण्यात. भांडुपच्या या खोलीत टेबल मांडायला जागा नाही, म्हणून सगळं काम पाटावर केलं. त्यातून हाताला जे कळलं, ते तुला देतो.

माप आधी समजून घे. खोक्यावर १:१२, १:२४, १:४८ किंवा १:१४४ असं लिहिलेलं असतं. १:१२ म्हणजे खऱ्या घराचा फूट तिथे एक इंच. बाहुलीघरांचं हे रूढ माप. नवी दिल्ली आखणाऱ्या लट्येन्सनी इंग्लंडच्या मेरी राणीसाठी केलेलं, १९२४ साली पुरं झालेलं बाहुलीघर याच मापाचं आहे. आपली दहा बाय बाराची खोली १:१२ मध्ये दहा इंच बाय बारा इंच होते. १:४८ मध्ये ती अडीच बाय तीन इंच, आणि १:१४४ मध्ये २१ बाय २५ मिलिमीटर, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी! आठ खोल्यांची सबंध चाळ १७ सेंटिमीटरांत बसते. तुझ्या कंपासपेटीतल्या पट्टीहून जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त. १४४ म्हणजे बारा बारे. बाहुलीच्या खोलीत तिच्या बाहुलीसाठी घर ठेवायचं झालं, तर ते या मापाचं.

पहिलं किट १:४८ चं घे. हात बसला की १:१४४ कडे जा. घेताना चित्राला भुलू नकोस, भिंतीची जाडी विचार. तीन मिलिमीटरचा प्लायवुड १:४८ ला ठीक. त्याची पावणेसहा इंची भिंत होते. तोच १:१४४ ला लावला तर सतरा इंची, वाड्याची भिंत झाली. तिथे एक मिलिमीटरचा पुठ्ठाच हवा. दुसरं, तुकडे मोज. पहिल्या घराला पन्नास तुकडे पुष्कळ झाले. तिसरं, जुळवणीची चित्रं पायरीपायरीने आहेत का ते बघ. मजकूर परक्या भाषेतला असला तरी चित्रं नीट असली की अडत नाही.

बसायच्या आधी पंखा बंद कर. स्टीलच्या ताटात पांढरा रुमाल अंथर आणि त्यावर काम कर. निसटलेला तुकडा घरंगळत नाही आणि दिसतोही. चिमटा, नवं पातं, बारीक पॉलिशपेपर, दात कोरायच्या काड्या आणि छोटा गुण्या, एवढी हत्यारं पुरतात. तुकडे किटच्या तक्त्यातून एकदम सोडवू नकोस. लागेल तेवढाच सोडव आणि मागे पेन्सिलीने नंबर टाक. सोडवताना पात्यावर जोर देऊ नकोस, तीन-चार वेळा हलकं फिरव. लेझरने कापलेल्या कडा काळ्या असतात, त्या पॉलिशपेपरने पुस. पण खाचेत शिरणाऱ्या कुशीवर जास्त घासलंस तर ती सैल बसते. आणि डिंकाला हात लावायच्या आधी सगळं घर एकदा कोरडं जुळवून बघ. गुण्या लाव. पहिला कोपरा केसभर चुकला की छपरापाशी फट उघडते.

डिंक काडीच्या टोकाने लाव, ठिपक्याएवढाच. पांढऱ्या डिंकात पाणी असतं, जास्त झाला की पुठ्ठा फुगतो. झटपट चिकटणारा खिडकीच्या पारदर्शक कागदाजवळ नेऊ नकोस. त्याच्या वाफेने कागद पांढरा पडतो. माझ्या पहिल्या घराच्या चारही खिडक्या अशाच आंधळ्या झाल्या.

रंग जुळवणीआधी दे, दोन्ही बाजूंना दे. एकाच बाजूला दिला तर पुठ्ठा वाकतो. चकाकी नको, आणि खऱ्या भिंतीपेक्षा एक छटा फिका घे. लहान वस्तूवर गडद रंग अंगावर येतो. आपण डोंगराच्या पायथ्याशी राहतो, पावसाळ्यात इथे भिंतीही घाम गाळतात. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं. तेव्हा जुळवणी करू नकोस. तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. दिवा बसवणार असशील तर बटणासारखा सेल तुझ्या धाकट्या भावाच्या हाती लागू देऊ नकोस. तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

आता खरा मंत्र ऐक. घर जितकं लहान, तितकं जास्त सोडून देता आलं पाहिजे. १:१४४ मध्ये वाळत घालायच्या दोरीसाठी शिवणाचा दोरा लावलास तर तो अंगठ्याहूनही जाड दिसतो. डोक्यावरचा एक केसही तिथे सेंटिमीटरभर जाडीची दोरी होतो. म्हणून कड्या, खिळे, फरशीच्या रेघा करत बसू नकोस. खोली ज्यावरून ओळखू येते अशा तीन गोष्टी निवड. आपल्या खोलीच्या मी निवडल्या: मोरी, माळा आणि दारातली पाण्याची पिंपं. ज्यूसच्या बारीक नळीचे सहा मिलिमीटरचे निळे तुकडे म्हणजे पिंपं. मोहरीचा दाणा म्हणजे हंडा, राजगिऱ्याचा म्हणजे तांब्या. दाण्यांना रंगाचा हात दे, नाहीतर कीड लागते. आपल्या बायकांनी भातुकलीत हेच केलं: चूल, पोळपाट, जातं एवढं मांडलं की स्वयंपाकघर झालं. पुण्याच्या विलास करंदीकरांनी अशी हजारो भांडी जमवली आहेत. प्रदर्शन लागलं की जाऊन बघ.

बाजारात किटं बहुतेक परदेशी कॅफेंची आणि बंगल्यांची येतात. हात बसवायला ती चांगली आहेत, त्यावर शीक. पण दुसरं घर आपलं कर. या डोंगरालगतच्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत, आपलीही जाईल. या रविवारी टेप घे. दाराची उंची, मोरीचा कठडा, माळ्याच्या शिडीच्या पायऱ्या, खिडकीचे गज, सगळं मोजून वहीत लिही. घर मग दहा वर्षांनी बांधलंस तरी चालेल. मापं मात्र भिंती उभ्या आहेत तोवरच घ्यावी लागतात.