३१ सेंटिमीटरची पोटरी

लहानपणी आजी माझ्या पायांकडे बघून म्हणायची, "हिला पैंजण घातले तर गुडघ्यापर्यंत चढतील." चाळिशीत पुण्यात घोडेस्वारी शिकायला लागले तेव्हा उलटंच झालं. गुडघ्यापर्यंतचे लाँग बूट घालायचे आणि ते घोट्याशी येऊन गोळा व्हायचे. माझी पोटरी ३१ सेंटिमीटर, बुटाचा घेर ३६. उखळात मुसळ हलावं तसा पाय आत हलायचा. घोड्याचा तंग सैल झाला तर बसल्या बसल्या आवळता येतो. बुटाला तंग नसतो. एक जोड बिघडवला, एक सुधारला, एवढ्या भांडवलावर हे लिहिते आहे.

१. नुसत्या पोटरीचं माप काही कामाचं नाही. ब्रीचेस आणि स्वारीचे मोजे घालून, खुर्चीत गुडघा काटकोनात ठेवून, पाऊल जमिनीला टेकवून मोजायचं. वेळ संध्याकाळची, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतातच. असं मोजलं तेव्हा माझे ३१ चे साडेबत्तीस झाले. दीड सेंटिमीटर फुकटात पदरात पडले. दोन्ही पाय मोजा. माझा उजवा डाव्यापेक्षा अर्ध्या सेंटिमीटरने जाड आहे, हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं.

२. बूट सैल आहे म्हणजे नेमका कुठे, ते बघा. घोट्याशी सैल असेल तर तिथे लेस असलेला फील्ड बूट घेतलेला बरा. गुळगुळीत ड्रेस बूट दिसतो देखणा, पण त्याला घोट्याशी आवळायला काहीच नसतं. वरच्या कडेला सैल असेल तर ती कड खोगिराला घासते, अडकते. आणि मधोमध, पोटरीपाशी सैल असेल तर दुडक्या चालीत बूट पायाभोवती फिरतो आणि आतल्या बाजूची कातडी सोलवटते. माझी तिन्ही ठिकाणी बोंब होती, पण इलाज तिन्हींचे वेगळे निघाले.

३. नव्या बुटाला लगेच कात्री लावू नका. पहिला जोड मी असाच घालवला. नवं चामडं घोट्याशी वळ्या पडून खाली बसतं. महिन्या-दोन महिन्यांत बूट एक-दोन बोटं बुटका होतो. म्हणून जाणकार मुद्दाम थोडा उंच बूट घेतात, सुरुवातीला गुडघ्यामागे टोचला तरी चालवून घेतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. दुकानातून बूट घेतला तो थेट दुरुस्तीला नेला आणि पोटरीच्या सगळ्यात जाड जागी आवळून घेतला. आठ दिवस मिरवले. मग बूट खाली बसायला लागला आणि आवळलेली जागाही त्याच्याबरोबर खाली सरकली. वर बुटाचं तोंड तुतारीसारखं उघडं. उसवून पुन्हा शिवावं म्हटलं, तर कापड टाके उसवल्यावर भोकं थोडीफार मिटवतं, चामडं मिटवत नाही. भोकांची एक ओळ आजही त्या बुटावर मिरवते आहे.

दुसरी गोष्ट, चामडं उंचीला बसतं तसं घेराला सैलावतं. त्यामुळे दुकानात चेन सहज वर गेली की आपल्यासारखीने खूश व्हायचं नाही. दोन हातांनी ओढावी लागली, दात-ओठ खावे लागले, तर तो बूट आपला. सिंथेटिकचं मात्र तसं नसतं. तो आज सैल असेल तर सैल, घट्ट असेल तर जन्मभर घट्ट.

४. कापण्याआधी भरून बघा. इथे शाळेतली भूमिती कामाला येते. आतून सगळीकडून एक मिलिमीटर जाडी वाढवली की घेर सहा मिलिमीटरहून थोडा जास्त कमी होतो. तीन मिलिमीटरचा नमदा आतून चिकटवला तर जवळजवळ १९ मिलिमीटर, म्हणजे दोन सेंटिमीटरला थोडेच कमी. मला साडेतीन हवे होते. अर्ध्याहून जास्त काम एका नमद्यात झालं. पण पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात नमद्याचा बूट म्हणजे पाय उकडायला लावण्यासारखं आहे. हिवाळ्यात जाड लोकरी मोजे, उन्हाळ्यात नमदा फक्त मागच्या अर्ध्या भागाला, अशी मी तडजोड केली आहे. गोंद लावण्याआधी नमदा नुसता आत सरकवून दोन दिवस फिरून बघा. माझ्या घरात दोन दिवस खडखडीत बूट घालून स्वयंपाक झाला.

५. शिवायचंच ठरलं तर हात कुणाचा, ते महत्त्वाचं. कॅम्पातल्या एका गल्लीत बसणाऱ्या काकांनी बूट हातात घेतला, उलटा केला, आतलं अस्तर चाचपलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, चेन कुठं आहे?" मागे चेन असेल तर ती पूर्ण उसवायची, दोन्ही बाजूंनी सारखं चामडं आत घ्यायचं आणि तीच चेन परत बसवायची. एकाच बाजूने घेतलं तर बूट पिळतो, चेन वाकडी चालते. चेनशेजारी इलॅस्टिकची पट्टी असेल तर काम सोपं. चामड्याला हात न लावता पट्टीच अरुंद करायची. रापीने कापण्याआधी त्यांनी चिमटे लावून मला तिथेच उठाबशा काढायला लावल्या. रस्त्यावरचे लोक बघत होते. "दोन बोटांच्या पुढं मी घेणार नाही," ते म्हणाले, "नळीचा घाट जातो." मला अडीच हवी होती. मी घासाघीस करून बघितली. पैशाची करता येते, मापाची नाही.

६. पोटऱ्या जाड करायचा व्यायाम तीन महिने केला. टाचा उंच, टाचा खाली. दम वाढला, घेर नाही. पोटरीचा स्नायू कुठे संपतो आणि टाचेची शीर कुठे सुरू होते, ते जन्मतःच ठरलेलं असतं.

७. लाज न बाळगता हाफ चॅप्स घ्या. खाली आखूड बूट, वर पोटरीला चेन आणि इलॅस्टिकची वेगळी गवसणी. मुलांच्या मापातही मिळतात, आणि आमच्यासारख्यांना तीच बसतात. लाँग बुटांचा रुबाब नाही, हे खरं. पण रुबाबाची गंमत बघा. १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, आणि त्याच्या नावाने जो बूट गाजला तो पोटरीला चापून बसणारा, मऊ चामड्याचा होता. आज त्याच नावाने रबरी गमबूट विकले जातात, ज्यात माझे दोन्ही पाय एकात मावतील.

८. पावसाळ्यात बूट उभे राहावेत म्हणून आत बाटल्या घालतात. मीही घातल्या, दोन लिटरच्या, ठासून. सप्टेंबरात टेप लावला तर बाटलीचा घेर ३४. इतक्या खटपटीने साडेबत्तीसला आणलेला बूट मी स्वतःच चार महिने ताणत ठेवला होता. आता वर्तमानपत्राची सैल गुंडाळी घालते. ओलही शोषली जाते, बुरशीही कमी धरते.

बूट पुन्हा काकांकडे नेला. त्यांनी अस्तरावर निळ्या पेनाने मागच्या वेळी लिहिलेले दोन आकडे दाखवले, डाव्याचा आणि उजव्याचा वेगळा, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला घोड्याचंही माप आणा. खोगीर आवळून देतो."