एकटेपण, एकांत आणि ग्रंथ

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेने गणपतीपुळ्याकडे जाणारा रस्ता आरे गावाजवळ चढणीला लागतो आणि एका वळणावर दोन किनारे एकाच वेळी दृष्टीस पडतात. मध्ये डोंगराची सोंड, एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे आणि मागे सुरूचे बन. आपल्या निवासी विद्यालयाच्या सहली या किनाऱ्यावर अनेकदा आल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, की वाळूवर पाय ठेवण्यापूर्वीच पाण्यात न उतरण्याची सक्त ताकीद मिळत असे. येथील समुद्र दिसतो तेवढा सौम्य नाही; त्याची ओढ आतून असते.

स्मरणिकेसाठी जीवनातील चढ-उतार, एकांत आणि वाचन या विषयावर लिहावे असे ठरले, तेव्हा हाच किनारा डोळ्यांपुढे आला. मी इतिहासाचा शिक्षक आहे. उपदेशापेक्षा पुराव्यावर माझा अधिक विश्वास आहे. म्हणून प्रस्तुत लेखात एक ऐतिहासिक प्रसंग, थोडा स्वानुभव आणि शिक्षक म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक वाचकांसमोर ठेवीत आहे.

भरती, ओहोटी आणि भांग

सोळा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचे निधन झाले. त्यानंतरचे कित्येक रविवार मी आरे-वारेच्या सुरूच्या बनात काढले. हातात पुस्तक असे. येणाजाणाऱ्याला वाटे, गुरुजी वाचीत आहेत. प्रत्यक्षात तासाभराने पाहिले तरी पान तेच असे.

तेथे जाळे सांधीत बसणारे एक वृद्ध मच्छीमार होते. एके दिवशी समुद्र अगदी निस्तेज दिसत होता. मी त्यांना म्हणालो, आज पाण्यात जीवच नाही. ते हसले आणि म्हणाले, गुरुजी, आज भांग आहे. मग त्यांनी मला समजावून सांगितले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. पाण्याला जोर नसतो. अशा दिवसांत जाळी सांधायची. समुद्र मेला असे समजून जाळे टाकून द्यायचे नाही.

आयुष्याचे चढ-उतार म्हटले की आपल्याला केवळ भरती आणि ओहोटी आठवते. परंतु माणसाची खरी परीक्षा भांगाच्या दिवसांत होते. दुःखाचा आघात होतो तेव्हा माणसे धावून येतात, यश मिळते तेव्हाही येतात. जेव्हा काहीच घडत नाही, दार कोणी वाजवीत नाही, तेव्हा आपण आपल्याशी कसे वागतो, हा प्रश्न उरतो.

लादलेले आणि निवडलेले

‘एकटेपण’ आणि ‘एकांत’ हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. एकटेपण आपल्यावर येऊन पडते, एकांत आपण निवडतो. आपल्या समाजाला हे अंतर शिकविण्याची आवश्यकता नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, शाळेत वेगळे बसविलेले मूल, ही सारी एकटेपणाची गावाने केलेली रचनाच होती. बहिष्कार या शब्दाचा अर्थ आपल्या वाडवडिलांनी शब्दकोशातून शिकला नाही.

लादलेल्या एकटेपणाचे एक मोठे उदाहरण रत्नागिरीच्याच इतिहासात आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. हा बौद्ध राजा तरुणपणी विहारात धर्मग्रंथांचे अध्ययन केलेला होता. रत्नागिरीत त्याच्यासाठी पुढे प्रशस्त राजवाडा बांधण्यात आला; परंतु मायदेशी परतण्याची मोकळीक त्याला कधीच मिळाली नाही. १९१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. सहलीत थिबा राजवाडा पाहताना मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो, एवढ्या दालनांच्या घरात माणूस एकटा असू शकतो काय? उत्तर मुलेच देतात. घर मोठे असल्याने एकटेपण लहान होत नाही.

बडोद्यातील अकरा दिवस

थिबा राजाच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, म्हणजे १९१७ मध्ये, याच रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अध्ययन करून ते परतले होते. अमेरिकेत पोटाला चिमटा काढून जमविलेले ग्रंथ दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज पाणतीराने बुडाले. ज्या तरुणाची सारी मिळकत ग्रंथ हीच होती, त्याच्या स्वागताला मातृभूमीत प्रथम ही वार्ता आली.

बडोद्यात पुढे काय घडले ते बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितले आहे. अस्पृश्य म्हणून त्यांना राहण्यास कोठेही जागा मिळेना. शेवटी एका पारशी वसतिगृहात पारशी नाव नोंदवून ते राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच होते. मोठे दालन मोडक्या सामानाने भरलेले, विजेचा दिवा नाही. रखवालदार एक लहानसा कंदील आणून देई, त्याचा उजेड हातभरापलीकडे जात नसे. वटवाघळे फडफडत. बोलायला कोणी माणूस नाही, म्हणून बाबासाहेब पुस्तकांकडे वळले आणि वाचीत राहिले. वाचनात गढून गेले की एकटेपणाचा विसर पडे. पण वटवाघळांच्या आवाजाने मन पुन्हा त्याच जागी येई.

विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. पुस्तकाने त्या दालनातील अंधार नाहीसा केला, असे बाबासाहेब म्हणत नाहीत. त्यांनी वटवाघळेही सांगितली. ग्रंथाने काय दिले आणि काय दिले नाही, हे दोन्ही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. मात्र जगाने लादलेल्या एकटेपणातून, थोडा वेळ का होईना, त्यांनी स्वतःचा एकांत निर्माण केला. कंदिलाच्या त्या हातभर उजेडात ते कोणाचे बहिष्कृत नव्हते. ते वाचक होते.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत जाण्याच्या तयारीत असताना, ग्रंथालयाची पुस्तके परत करण्यासाठी ते ती उचलीत होते. त्याच क्षणी जिन्यावर पावले वाजली. हातांत काठ्या घेतलेला जमाव वर आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. एका बाजूस ग्रंथालयाची पुस्तके वेळेवर परत करू पाहणारा पदवीधर, दुसऱ्या बाजूस काठ्या. आपल्या देशाच्या सामाजिक इतिहासाचा याहून बोलका प्रसंग मला वर्गात शिकविता आलेला नाही.

बागेतील पाच तास

दोन परिचितांकडे आसरा मागून पाहिल्यावर, दोन्हीकडून सभ्य भाषेत नकार आल्यावर, बाबासाहेब बडोद्याच्या सार्वजनिक बागेत जाऊन बसले. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. सुमारे पाच तास ते तेथे होते. २३ सप्टेंबर हा दिवस आपला समाज संकल्प दिन म्हणून पाळतो आणि ते उचितच आहे. परंतु त्या तासांविषयी बाबासाहेबांनी स्वतः फार थोडे लिहिले आहे. मन काहीसे सुन्न होते आणि काहीसे दुःखाने भरलेले होते, एवढाच त्याचा आशय. त्या वेळी एखादे पुस्तक उघडल्याचा उल्लेख तेथे नाही.

मला हा भाग फार मोलाचा वाटतो. बाबासाहेबांच्या आयुष्यात याआधीही एक बाग होती. मुंबईत शिकत असताना परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. वडील रामजी सुभेदार रात्री दोन वाजता त्यांना उठवून अभ्यासाला बसवीत. दिवसा शाळेनंतर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्याच्यावर गेली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एका बागेत पुस्तकाने माणूस मिळवून दिला. दुसऱ्या बागेत दहा वर्षांनी तोच वाचक नुसता बसून राहिला. काही तास असे असतात, की त्यांत कोणताही ग्रंथ कामास येत नाही. त्या वेळी डोळे भरून आले तर तो पराभव नव्हे. दुःखात तत्काळ संकल्प सुचला नाही म्हणून कोणी स्वतःला दुबळे समजू नये.

त्यानंतरचा क्रम पाहा. १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी, १९२० मध्ये ‘मूकनायक’, त्याच वर्षी अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडन, १९२३ मध्ये डी. एस्सी. पाण्यात गेलेल्या ग्रंथसंग्रहाच्या जागी नवा संग्रह उभा राहिला. दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्यांचे वाचन हजारो विद्यार्थ्यांच्या शिक्षणात उतरले. बागेतील सुन्न मन आणि हे कार्य यांच्यामध्ये वर्षानुवर्षांची जाळी सांधण्याची मेहनत आहे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात आठवीसाठी एक विद्यार्थी आला. त्याला आई नव्हती, वडील दूरच्या बंदरावर बोटीत कामाला होते. पालकभेटीच्या रविवारी सारी मुले फाटकाकडे धावत, हा मुलगा मात्र वाचनालयात कोपऱ्यात पुस्तक उघडून बसे. मी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर त्याचे कौतुक केले, इतरांनी त्याचा आदर्श घ्यावा असेही सांगितले.

तीन महिन्यांनी वाचनालयाची नोंदवही तपासताना दिसले, की त्याच्या नावावर एकच पुस्तक आहे. पुढच्या रविवारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तासाभराने पान तेच होते. ते पान मी ओळखले. सुरूच्या बनात मी स्वतः तेच पान उघडून बसत असे.

मी विचारल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, इथं बसलं की कोणी विचारत नाही, तुला भेटायला कोण आलंय म्हणून.”

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याच्या एकटेपणाला मी अभ्यासूपणा म्हटले होते आणि त्यावर कौतुकाचा शिक्का मारून त्याची सुटकेची वाट बंद केली होती. पुस्तकाआड लपता येते, हे ज्याने स्वतः अनुभवले होते, त्याच शिक्षकाला ते दिसले नाही.

मला यातून कोणी बाहेर काढले होते, हे तेव्हा आठवले. आई गेल्यावर माझी नऊ वर्षांची मुलगी कित्येक महिने माझ्यासमोर वावरत होती आणि मी पुस्तक धरून बसलेलो असे. एका संध्याकाळी तिने माझ्या हातातील पुस्तक खाली केले आणि म्हणाली, “बाबा, मनात नको. मला ऐकू येईल असं वाचा.” मोठ्याने वाचताना एकाच पानावर थांबता येत नाही. ऐकणारे माणूस पुढचे वाक्य मागत असते.

तोच उपाय मी त्या विद्यार्थ्यासाठी केला. रविवारी सायंकाळी पाचवीच्या मुलांना अर्धा तास वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. पहिल्या दिवशी तो अडखळला, मुले हसली. पुढच्या रविवारी त्याने आधी दोनदा सराव केला. महिनाभरात लहान मुले त्याला चिकटून बसू लागली. तो आज एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करतो. मोठा अधिकारी झालेला नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण वाचनाचे मूल्य हुद्द्यावर मोजू नये. अधूनमधून त्याचा फोन येतो. “सर, पोरीला वाचून दाखवायला काहीतरी सुचवा,” असे म्हणतो.

वर्षावासाचा धडा

तथागतांच्या जीवनात एकांत आहे आणि परतणेही आहे. बोधिवृक्षाखालील ध्यानानंतर ते तेथेच थांबले नाहीत. सारनाथला जाऊन पाच जुन्या सहकाऱ्यांना त्यांनी धम्म सांगितला. भिक्खूसंघानेही हीच लय स्वीकारली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, एरवी लोकांमध्ये चारिका. सह्याद्रीतील अनेक लेणी ही या वर्षावासाची घरे होती.

आपल्या वाड्या-वस्त्यांतील विहारांत आजही वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बाहेर कोकणचा पाऊस कोसळत असतो, कंदिलाच्या जागी वीज आली आहे, आणि एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पण या वाचनात एखादे पान राहून गेले तर ती नेमके सांगत असे. याच ग्रंथाच्या प्रस्तावनेवर बाबासाहेब ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री काम करीत होते. आयुष्यातील अखेरच्या त्या रात्रीही ते ग्रंथाजवळ एकटे होते. पण तो ग्रंथ लक्षावधी लोकांनी एकत्र बसून वाचावा म्हणून सिद्ध होत होता. एकटेपण आणि एकांत यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट मला सांगता येणार नाही.

पालकांना एक विनंती. आपले मूल पुस्तक घेऊन बसले तर आनंद माना. परंतु अधूनमधून जवळ बसून पान उलटते आहे ना, तेवढे पाहा. वसतिगृहात भेटीला येताना ज्याचे कोणी आलेले नाही, अशा एका मुलाचीही चौकशी करा. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी एखाद्या रविवारी लहान मुलांना अर्धा तास वाचून दाखवावे. त्यासाठी निधी लागत नाही, समिती लागत नाही.

मी आजही आरे-वारेला जातो. ते वृद्ध मच्छीमार आता नाहीत. सुरूच्या बनात बसून वाचतो आणि पान उलटते. काही आवडले तर संध्याकाळी मुलीला फोन लावून वाचून दाखवितो. ती पुढचे वाक्य मागते.

जय भीम! नमो बुद्धाय!