उन्हाळ्यातली हिरवळ : किती राखावी, कुठे मोडावी

होळी सरली की सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर, अहिल्यानगर या पट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खाली जाऊ लागते. नेमके तेव्हाच घरासमोरचे, कृषी पर्यटन केंद्रातले किंवा मंगल कार्यालयाचे लॉन पिवळे पडू लागते. मालक घाबरतो. पाइप तासभर जास्त चालतो, वर युरियाच्या चार मुठी पडतात. हे दोन्ही उपाय नुकसानीचे आहेत. युरियाने गवत कोवळे फुटते, कोवळ्या पात्याला पाणी जास्त लागते आणि एप्रिलच्या उन्हात तेच आधी करपते. म्हणून यंदा पाइप हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात लॉन हिरवेगार ठेवायचे तर रोज निदान 5 मिलिमीटर पाणी मुळांपर्यंत पोहोचावे लागते. म्हणजे गुंठ्याला दिवसाला 500 लिटर, महिन्याला 15,000 लिटर. तुषार सिंचनात वाऱ्याने उडणारे आणि वाफ होणारे पाणी यात धरलेले नाही. टंचाईच्या गावात टँकरचे पाणी दरडोई दिवसाला 20 लिटर या हिशोबाने दिले जाते. त्या मापाने एका गुंठ्याचे लॉन 25 माणसांचे पाणी रोज पिते. पाच गुंठ्यांचे लॉन असेल तर अख्खी वस्ती झाली.

हा हिशोब आपल्या राज्यात एकदा न्यायालयापर्यंत गेला आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानावरच्या गवताला पाणी द्यायचे की नाही, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना दिसला. आपल्या अंगणात तो दरवर्षीच असतो.

माझे मत स्पष्ट आहे. पाचशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात बारमाही हिरव्या लॉनचा हट्ट धरू नये. नान्नजचे माळढोक अभयारण्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की इथले गवत पावसात हिरवे होते, दिवाळीनंतर सोनेरी पडते आणि उन्हाळाभर तसेच उभे राहते. ते मेलेले नसते. अंगणातल्या गवतालाही हाच क्रम मान्य करू द्यावा. बसण्या-खेळण्यापुरता तुकडा हिरवा ठेवावा, बाकीचे एकतर झोपू द्यावे, नाहीतर मोडून तिथे दुसरे काही लावावे.

झोपू देण्याबाबत आधी सांगतो, कारण तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात. आपल्या बहुतेक लॉनमध्ये हरळीच असते. रोपवाटिकेतून सिलेक्शन वन म्हणून आणलेले गवतही हरळीच्याच जातीचे. शेतात हीच हरळी आपण काशा वेचून वेचून काढतो आणि तरी ती उरते. तिची ताकद जमिनीखालच्या काशांत आहे. पाणी तुटले की वरचे पाते वाळते आणि काशा जिवंत राहतात. त्यांना जिवंत ठेवायला दर तीन आठवड्यांनी 12 मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला 1,200 लिटर पाणी पुरे. हिरवे ठेवायचे असते तर त्याच तीन आठवड्यांत साडेदहा हजार लिटर गेले असते. अट एकच, झोपलेल्या गवतावर गाडी, गुरे, मांडव काही नको. वाळलेल्या पात्याखालचे कोंब तुडवले गेले तर तिथे मृगात फूट येत नाही, टक्कल पडते. मेक्सिकन किंवा कोरियन कार्पेट असेल तर एवढी सवलत मिळत नाही. ते हळू वाढते, एकदा खरडले गेले की भरून यायला वर्ष लागते. म्हणून मोठ्या जागेत ते नव्याने लावूच नका.

जो तुकडा हिरवा ठेवणार त्याला रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवय मोडा. वरची बोटभर माती ओली राहिली की मुळे वरच राहतात आणि एक दिवस मोटर बंद पडली तरी गवत माना टाकते. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 15 ते 18 मिलिमीटर द्या. मोजायला रिकामे डबे पुरतात. तुषारच्या टप्प्यात चार-पाच ठिकाणी ठेवा, अर्ध्या तासात किती पाणी साचले ते पट्टीने पाहा, कुठे कमी कुठे जास्त पडते तेही कळेल. पाणी पहाटे द्या. रात्री आठला देणारे बरेच आहेत, पण संध्याकाळी जमीन तापलेली असते आणि ओले पाते रात्रभर राहिले की बुरशी धरते. काळ्या जमिनीत एकदम पाणी सोडले तर ते भेगांतून खाली निघून जाते, म्हणून तिथे दोन टप्प्यांत, मध्ये तासाभराचे अंतर ठेवून द्यावे. पाण्याची वेळ झाली की गवत स्वतः सांगते : रंग निळसर-करडा पडतो, पाते वळते आणि चालल्यावर पावलाचा ठसा तसाच राहतो. ठसा उमटत नसेल तर थांबा.

कापणीची उंचीही वाढवा. पावसाळ्यात इंचभर ठेवत असाल तर आता दोन ते अडीच इंच. उंच पात्याची सावली जमिनीवर पडते आणि मुळेही खोल जातात. एका कापणीत पात्याचा तिसरा हिस्साच काढावा, यंत्राचे पाते धारदार असावे आणि कापलेले गवत तिथेच पडू द्यावे. बोअरचे पाणी खारे असेल आणि जमिनीवर पांढरा थर दिसत असेल तर थोडे थोडे पाणी देणे आणखी घातक, कारण क्षार वरच साठतात.

आता मोडायचे कुठे? सुरुवात झाडाखालून करा. हरळीला सावली सोसत नाही, तिथे ती विरळच असते. मग कुंपणालगतच्या अरुंद पट्ट्या, जिथले निम्मे पाणी रस्त्यावर जाते. मग उतार. आणि पश्चिमेच्या भिंतीजवळची जागा, जिथे दुपारनंतर भिंतीची धग लागते.

मंगल कार्यालयांच्या मालकांना वेगळे सांगावेसे वाटते. लग्नसराई एप्रिल-मेमध्येच असते, त्यामुळे गवत झोपू देण्याचा मार्ग तुम्हाला बंद आहे. पण जरा पाहा, लग्नाच्या दिवशी त्या लॉनच्या मोठ्या भागावर मॅट आणि खुर्च्या असतात. ज्या गवतावर कुणाची नजर पडत नाही त्याला महिनोन् महिने पाणी पाजले जाते. प्रवेशाजवळचा आणि स्टेजसमोरचा दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा राखावा आणि बाकीच्या जागेवर चांगला मुरूम पसरून, पाणी मारून रोलर फिरवावा. कडेने कडुनिंब, करंज, शिरीष लावावे. दहा वर्षांनी पाहुण्यांना हिरव्या जमिनीपेक्षा सावलीचे मोल अधिक वाटेल.

मोडण्याचे काम एप्रिल-मेमध्येच करावे, कारण ऊन फुकट काम करून देते. खोल नांगरट किंवा कुदळीने वीतभर खणून ढेकळे तापू द्या, पंधरा दिवसांनी काशा वेचा, पुन्हा उलथा. लव्हाळा असेल तर त्याच्या गाठीही वेचाव्या लागतील. जागा लहान असेल तर ती भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे ठेवा. काळे प्लास्टिक नको, माती पारदर्शक प्लास्टिकखाली अधिक तापते. वाळलेल्या हरळीवर तणनाशक फवारणारे लोक पैसे वाया घालवतात. आंतरप्रवाही तणनाशक हिरव्या, वाढत्या पात्यातूनच मुळांपर्यंत जाते. पुठ्ठे अंथरून वर पालापाचोळा टाकण्याची पद्धत दमट हवेत चालत असेल, आपल्याकडे महिनाभरात त्या पुठ्ठ्याला वाळवी लागते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. लॉनमध्ये उभी असलेली झाडे इतकी वर्षे लॉनच्याच पाण्यावर जगलेली असतात. गवताचे पाणी तोडले की आंबा, चिकू, सोनचाफा दोन-तीन महिन्यांत सुकू लागतात आणि कारण उमगत नाही. पाणी बंद करण्याआधी प्रत्येक झाडाला वेगळे ठिबक द्या. ते खोडाजवळ लावू नका, फांद्यांच्या टोकांखाली गोल फिरवा, वर चार इंच पाचटाचे आच्छादन घाला आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. न्हाणीचे पाणीही इथे वापरता येते. कर्दळीच्या वाफ्यातून ते पुढे आळ्यात सोडावे. लॉनवर ते फवारू नये, साबणातल्या सोडियमने काळी जमीन घट्ट होते.

मोकळ्या झालेल्या जागेत काय लावायचे, हे ती जागा कशासाठी हवी यावर ठरते. थोडीफार पायवाट असलेल्या ठिकाणी लिपिया, म्हणजे आपली जलपिंपळी, मला सगळ्यात उपयोगी वाटते. ती जमिनीसरशी पसरते, एकदा मुळावली की कमी पाण्यावर तग धरते आणि छोट्या फुलांवर मधमाश्या येतात. मधमाश्यांमुळेच लहान मुले अनवाणी खेळतात तिथे ती नको. नुसती शोभा हवी असेल तर उन्हाच्या जागी ऑफिस टाइम, कडेला तरवड, कोरफड, बोगनवेल. पिवळ्या फुलांचे वेडेलिया रोपवाटिकेत आग्रहाने देतात. ते आणू नका. त्याला पाणीही लागते आणि ओढ्याकाठी निसटले की बाकीचे सगळे झाकून टाकते.

शेतकऱ्याने मात्र मोठ्या जागेसाठी चाऱ्याच्या गवताचाच विचार करावा, असे मला मनापासून वाटते. मध्यम ते भारी जमिनीत मारवेल, हलक्या जमिनीत अंजन, उथळ मुरमाड माळावर पवना. सोबत शेंगवर्गातले स्टायलो टाकले की जमिनीलाही नत्र मिळते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आणि झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेत या गवतांवर काम झालेले आहे. बियाण्याची आणि ठोंबांची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आताच करून ठेवा, मृगात धावपळ करून मिळत नाही. मारवेलची मुळे फुटलेली ठोंबे दीड फूट अंतराच्या ओळींत, एकेक फुटावर लावावीत. अंजनाचे बी हलके आणि केसाळ असते, हाताला चिकटते, वाऱ्याने उडते. ते ओलसर मातीत मिसळून फेकावे आणि वर जेमतेम मातीचा हात फिरवावा. खोल गाडलेले बी उगवत नाही.

प्लास्टिकचे लॉन हा पर्याय हल्ली खूप विचारला जातो. मे महिन्याच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर तापतो, म्हणजे ते थंड करायला पुन्हा पाणीच मारावे लागते. घराच्या दारात ते घालू नये.

लागवड पहिल्या सरीवर करू नका. एकूण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेली की मग करा. राखलेल्या लॉनला खत द्यायची वेळही तीच : गुंठ्याला किलोभर युरिया, अर्धा जूनअखेर आणि अर्धा ऑगस्टमध्ये, दोन्ही वेळा पावसाची उघडीप पाहून आणि नंतर हलके पाणी देऊन. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. तेव्हा सोडलेल्या भुंगेऱ्यांची पिल्ले ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुळे खातात आणि गवताचा पट्टा ओढला तर चटईसारखा हातात येतो. तशी शंका आली तर फूटभर चौकोन उकरून पाहा, एखाद-दुसरी अळी चालते, चार-पाच दिसल्या तर मेटारायझियमची आळवणी करा.

नव्या मारवेलला पहिल्या वर्षी गुरांचे तोंड लागू देऊ नका. पहिली कापणी फुलोऱ्यात, जमिनीपासून चार बोटे वर. अंजनाचे बी मात्र एक हंगाम झडू द्यावे, विरळ जागा त्यानेच भरतात. घराभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा दिवाळीनंतर नेहमी आखूड कापलेला असावा. त्यापलीकडचे गवत वाळल्यावर पेट घेऊ शकते, आणि उंच गवतातला साप दारापर्यंत येण्याआधी त्या मोकळ्या पट्ट्यात दिसतो.