गारा म्हणजे छाटणी नव्हे



प्रभू येशूने शिकवताना लांबची उदाहरणे शोधली नाहीत. पिठात कालवलेले खमीर, घरात हरवलेले नाणे, कोळ्याचे जाळे, वाटेवर सांडलेले बी, असे ऐकणाऱ्याच्या घरात आणि शिवारात जे होते तेच त्याने उचलले. आपण नाशिककर मात्र शुभवर्तमानातला द्राक्षमळा ऐकला की तसबिरीतला पॅलेस्टाईन डोळ्यांसमोर आणतो. खरे तर दिंडोरी, निफाड, चांदवडचे मळे आपल्या दारात आहेत. आपल्या धर्मग्रामात नोकरदार कुटुंबे जास्त. कोणाचे आयुष्य ओझरच्या विमान कारखान्यात गेले, कोणाचे नाशिकरोडच्या छापखान्यात, कोणाचे सातपूर-अंबडला. बागेत हात घालणारे थोडे. म्हणून आज थोडे बागेविषयी बोलू या.

द्राक्षवेल आणि फांद्यांचे शुभवर्तमान (योहान १५:१-८) ‘ब’ वर्षात पुनरुत्थान काळाच्या पाचव्या रविवारी वाचले जाते. २०२४ साली तो रविवार २८ एप्रिलला आला होता, पुढे २०२७ साली तो २५ एप्रिलला येईल. म्हणजे नेमका आपल्याकडे खरड छाटणीचा महिना! त्या दिवसांत मळ्याच्या कडेने गेलात तर बाग उजाड दिसते. ज्या काड्यांनी नुकतेच घड दिले त्या एक-दोन डोळे ठेवून कापून टाकलेल्या असतात. उरते ते खोड आणि तारेवर पसरलेले ओलांडे. कापलेल्या टोकांतून थेंब थेंब पाणी गळते, वेल रडते आहे असे पाहणाऱ्याला वाटावे.

थंड देशांत वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, म्हणून तिथे वर्षातून एकदाच छाटणी करतात. येशूच्या देशातही तसेच. आपल्याकडे वेलीला अशी झोप मिळत नाही, म्हणून बागायतदार वर्षात दोनदा कात्री चालवतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरच्या सुमारास होणारी गोडी छाटणी घडासाठी. आपल्याला ठाऊक असते ती दुसरीच, कारण तिच्यानंतर जानेवारीपासून गाड्यांवर द्राक्षे दिसू लागतात. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या सणाला भाविकांची रीघ लागते तेव्हा तर हंगाम भरात असतो.

पण ती द्राक्षे कधी ठरली? कोणत्याही जाणत्या बागायतदाराला विचारा, तो ऑक्टोबर म्हणणार नाही. खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते आणि साधारण ४० ते ६० दिवसांत तिच्यावरच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होतात. बाहेरून काही दिसत नाही. डोळा हरभऱ्याएवढासुद्धा नसतो. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, बागेत विकण्यासारखे काहीही नसताना, पुढच्या वर्षीचे पीक आत ठरत असते. तेव्हा डोळ्यांवर ऊन पडावे म्हणून बागायतदार जादा फुटी काढतो, शेंडे मारतो, काड्या मोकळ्या करतो. त्या दिवसांत ढग आणि पाऊस राहिला तर काडीत घड कमी धरतात. २०२५ साली मे महिन्यातच पावसाने मुक्काम ठोकला तेव्हा बागायतदारांना धास्ती पडली ती याच कारणाने. आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अनेक बागांत काड्या हिरव्यागार फुटल्या, पण घड दिसेनात.

आणखी एक गोष्ट. दिसू लागलेला कोवळा घडही, वेलीत साठवलेले अन्न कमी पडले किंवा हवा प्रतिकूल झाली तर, पुढे वाढत नाही. तो जिरतो आणि त्याची बाळी होते, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू. घड आणि बाळी एकाच मुळातले. हे समजल्यावर ‘माझ्यामध्ये राहा’ या अर्थाची प्रभूची विनवणी आम्हांला नव्याने ऐकू आली. वेलीपासून वेगळी न होणे एवढेच पुरे नाही, तिचा रस आत येत राहिला पाहिजे. आपल्यापैकी कित्येक जण प्रार्थना कोरडी झाली, मिस्साला बसतो पण मन लागत नाही, अशी तक्रार करतात. आजारी माणूस म्हणतो, आता माझ्या हातून सेवा होत नाही. त्यांनी एप्रिलची बाग आठवावी. फळ दिसत नाही तो काळ फळाविना गेला असे समजण्याची घाई करू नये.

आता ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला घेतले त्याकडे येऊ. मयताच्या घरी, अपघातानंतर, धंदा बुडाल्यावर आपण सांत्वनाला जातो आणि कोणीतरी म्हणते, “देवाने छाटणी केली, तो ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच छाटतो.” बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तरुण मुलगा गमावलेल्या आईला हे वाक्य कसे लागत असेल? माझा मुलगा ही जादा फूट होती काय? अशा एका वाक्याने माणूस देवळापासून दूर जातो, आणि आपण म्हणतो, त्यांची श्रद्धा कमी पडली!

द्राक्षबाग आपल्याला इथे फार मोलाचा फरक शिकवते. वेलीला जखम दोन प्रकारे होते, कात्रीने आणि गारांनी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, नाशिकलाही तिने झोडपले. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी निफाडकडे गारांनी उभ्या बागा झोडपल्या. काड्या फाटल्या, पाने चिंधड्या झाली, मणी फुटले. त्या दिवशी बागेत गेलेला एकही बागायतदार ‘बरे झाले, छाटणी झाली’ असे म्हणाला नसेल. तो डोळ्यांत पाणी आणून बांधावर बसतो. मग उठतो, मोडलेल्या काड्या नीट कापतो, जखमेतून रोग शिरू नये म्हणून फवारणी करतो आणि वेल पुन्हा उभी करायला लागतो. गारा त्याने पाडल्या नाहीत. गारांनंतर तो आला.

आपला पिता माळी आहे, असे येशू सांगतो. पिता गारा आहे असे तो सांगत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या समजाला त्याने सरळ नकार दिला (लूक १३:१-५). आणि लगेच पुढे दाखला कोणता सांगितला? द्राक्षमळ्यात लावलेल्या अंजिराच्या झाडाचा, ज्याच्यासाठी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणतो, खत घालतो. आपल्या पवित्र शास्त्रातील ज्ञानग्रंथही (१:१३) मरण देवाने केलेले नाही असेच शिकवतो. देव वाईटातूनसुद्धा चांगले घडवू शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहेच. परंतु ते वाईट त्यानेच चांगल्यासाठी धाडले, असे दुःखितांच्या दारात बोलण्याचा अधिकार त्या शिकवणीने आपल्याला दिलेला नाही.

मग पित्याची कात्री कोणती? उत्तर त्याच अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत आहे. मूळ ग्रीक भाषेत फांदी छाटणे आणि शुद्ध असणे यांसाठी एकाच मुळातले शब्द आले आहेत. येशू शिष्यांना सांगतो की, मी दिलेल्या वचनामुळे तुम्ही आधीच शुद्ध आहात. म्हणजे कात्री आहे ती वचनाची. आणि ती कोरड्या काडीपेक्षा हिरव्या काडीला जास्त बोचते. बागायतदार चांगले घडसुद्धा काढून टाकतो, कारण सगळेच ठेवले तर एकही नीट पोसत नाही. वीस वर्षे गायनवृंद सांभाळलेल्या व्यक्तीला आता तरुणांच्या हाती पेटी द्यावी असे आतून वाटू लागते, तेव्हा कापले जाते ते पाप नसते, चांगलेच काहीतरी असते. ओव्हरटाइम सोडून मुलांबरोबर सायंप्रार्थनेला बसणे हेही तसेच. असा आवाज ऐकणे सोपे नाही. त्यामानाने दुसऱ्याच्या दुःखाला छाटणी म्हणणे फार सोपे.

छाटणीचे काम करतात कोण, हेही पाहावे. पेठ, सुरगाण्याकडचे आदिवासी बंधुभगिनी टोळीने येतात आणि पहाटे चौकात कामाची वाट पाहत उभे राहतात. मळ्यातील मजुरांचा दाखला (मत्तय २०:१-१६) आपण ‘अ’ वर्षात साधारण सप्टेंबरमध्ये ऐकतो, तेव्हा गोडी छाटणी तोंडावर आलेली असते. दुपार झाली तरी ज्याला कोणी बोलावले नाही तो माणूस दाखल्यात जसा उभा आहे, तसा तो आपल्या रस्त्यावरही उभा असतो. यावर स्वतंत्र लिहायला हवे.

येत्या आठवड्यात कुटुंबात योहान १५:१-८ आणि लूक १३:१-९ ही दोन्ही वाचने लागोपाठ मोठ्याने वाचावीत. थोडा वेळ शांत बसावे आणि प्रत्येकाने स्वतःच्याच काडीविषयी बोलावे, शेजाऱ्याच्या नाही. ज्यांच्या घरी या वर्षात मयत झाली आहे तिथेही अवश्य जावे. मात्र जाताना द्राक्षवेलीचे स्पष्टीकरण नेऊ नये, जेवणाचा डबा न्यावा आणि त्या बोलतील तेवढे ऐकून घ्यावे.